कांद्याची सालं

त्या वर्षी आमच्या श्कोदरमध्ये
देव बेकायदेशीर होता.
कॅथेड्रलच्या फरशीवर पांढऱ्या रेघा मारून
व्हॉलीबॉलचं मैदान केलेलं,
वेदीच्या जागी गुणफलक.
आई तंबाखूच्या कारखान्यातून सुटली की
मुद्दाम त्या भिंतीकडेनं यायची.
आत चेंडू आपटायचा,
बाहेर तिचे ओठ हलायचे,
दर टप्प्याला एक मणी.
सामना लांबला तर घरी येऊन हसायची,
"आज माळ पुरी झाली, वर सात उरले."

बाबा तांब्याच्या खाणीत, कैदी.
पत्र वर्षातून दोनदा, त्यातही काळ्या पट्ट्या.
आई पट्ट्यांवरून बोट फिरवायची
आणि म्हणायची, "हे खास माझ्यासाठी लिहिलंय."

हिवाळाभर ती कांद्याची सालं
फाटक्या मोज्यात साठवायची.
ईस्टरच्या आदल्या रात्री खिडकीला घोंगडी,
चुलीवर लहान पातेलं,
पाच अंडी, आधी पिवळी, मग विटकरी, मग
रक्त सुकून गेल्यासारखी लाल.
एक आईचं, एक माझं, एक ग्योनचं,
एक खाणीतल्या माणसाचं.
पाचवं कुणाचं, ती सांगायची नाही.
पहाटे अंड्यावर अंडं टेकवायचो,
टिचकी वाजेल म्हणून हळूच,
आणि कुजबुजायचो, "उठला."
कोण उठला ते म्हणायची गरज नव्हती.

सोमवारी शाळेत द्रिताबाई रांगेतून फिरल्या.
"हात पुढे. नखं दाखवा."
आईचे हात तंबाखूने बारा महिने पिवळे,
तिला कुणी कधी पकडलं नसतं.
माझ्या अंगठ्याच्या नखाखाली
लाल चंद्रकोर राहून गेली होती.

आईला कारखान्यातून काढलं.
कालव्यावर पाठवलं, चिखल उपसायला.
सभेत तिला उभं केलं,
आणि शेजारचा न्दोक, ज्याच्या साक्षीनं
बाबा खाणीत गेले होते,
तोच उठून म्हणाला, "ही बाई मागासलेली आहे."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
आमच्या वर्गाला तसं सांगितलं होतं.

रात्री मी रडून रडून हिरवी झाले.
आईने मला पांघरुणात ओढलं,
तिच्या केसांना कालव्याचा वास.
"तू बरोबर वाजवल्यास," म्हणाली,
"पण तुझ्या हातात ताल नाही गं."
आणि हसू लागली,
उशी तोंडावर दाबून, सगळं अंग हलवत,
जसं कुणी दुसरंच तिच्या आत हसत होतं.
मी चिडून विचारलं, तुला वाईट वाटत नाही?
"वाटतं की. गुडघ्यापासून वर सगळं दुखतं."
मग थोडा वेळ गप्प.
"आनंद मी करत नाही. तो फुगतो, रात्रभर, पिठासारखा.
मी फक्त फडकं उचलून पाहत नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा मोजा भरला.
कांदे कमी होते, रंग फिका आला.
पाचवं अंडं तिने रुमालात गुंडाळलं
आणि अंधारात न्दोकच्या दाराकडे निघाली.
मी तिचा पदर घट्ट धरला.
त्याच्या दारात? त्याच्या?
"त्याची आई असताना तीच रंगवायची,"
आई म्हणाली, "आता त्याच्या घरात कोण रंगवणार?"

उंबऱ्यावर ठेवून ती परत आली,
पायांतला चिखल झटकला,
आणि झोपली. खरंच झोपली,
तोंड किंचित उघडं, घोरत,
जशी मी अजूनपर्यंत झोपू शकलेली नाही.

सकाळी उंबऱ्यावर काही नव्हतं.
टरफलंसुद्धा नव्हती.
न्दोक त्यानंतरही सभेत बोलत राहिला,
इतरांविरुद्ध, आमच्याविरुद्धही.
फक्त त्या एप्रिलमध्ये तो दिवसभर
उजवा हात खिशात घालून फिरत होता.

आता बाजारात कुठल्याही रंगाची पुडी मिळते.
घंटा मोठ्याने वाजतात, चेंडू नाही.
मी कांदा चिरते, सालं डब्यात टाकते,
आणि पाचवं अंडं हातात धरून
बराच वेळ दारात उभी राहते,
शेजारी कोण कोण राहतं ते आठवत.